न झालेला रस्ता

पाड्यावरचा रोजगार हमीचा रस्ता पुरा झाला. पण तो झालाच नाही, असं चिमणाबाईनं सगळ्या मजुरांना पढवून ठेवलं. काम संपलं की मजुरी बंद, आणि मग पोरांना शाळेतून काढून द्राक्षतोडणीला निफाड गाठायचं.

"बाई, रस्ता झाला की," काम तपासायला आलेले इंजिनिअर साहेब म्हणाले.

"नाय साहेब, लय बाकी हाय."

"मग ही एसटी कशी आली?"

चिमणाबाईनं मागं वळून एसटीकडे नीट पाहिलं.

"वाट चुकली असंल."

साहेबांनी काम पूर्ण झाल्याची सही केली. "काही म्हणणं असेल तर अर्ज द्या."

चिमणाबाईनं सातवीतल्या लेकीकडून अर्ज लिहून घेतला: "तरी माझ्या मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत निफाडची द्राक्षे पिकू देऊ नयेत, ही नम्र विनंती."