गाडीवरचा चिखल

मॉडेलवाल्याने खोक्याचं झाकण उचललं आणि दोन पावलं मागे सरकला. गिऱ्हाईक आपलं काम पहिल्यांदा बघतं, तेव्हा त्याचा चेहरा नीट दिसावा, म्हणून तो नेहमी असा सरकायचा.

टेबलावर वीतभर लांबीची चिलखती गाडी उभी होती. खरी गाडी आता कुठल्याच सैन्यात नाही. ती अशी खोक्यात, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतच मिळते. टेबलापलीकडे म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांचा मुलगा ती गाडी चालवायचा आणि गाडीतच गेला. त्याला इतकी वर्षं झाली होती, की दोघं हे आता घरचा पत्ता सांगितल्यासारखं सांगत.

"बघा, काका," मॉडेलवाला म्हणाला. "काकू, अगदी जवळून बघा."

काकांनी बघितलं आणि मान हलवली. काकूंनी चष्मा बदलला.

मॉडेलवाला हाडाचा कारागीर होता आणि चिखलावर त्याचा फार जीव होता. कोरी करकरीत गाडी म्हणजे खेळणं, असं त्याचं ठाम मत. गाडी जोडून रंगवली की काम अर्धंच झालं, मग तिला मळवायचं. ओला चिखल वेगळा, वाळलेला वेगळा आणि काल वाळून आज पुन्हा भिजलेला आणखी वेगळा. यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"चाकांवरचा चिखल बघा. दारापाशी पाय ठेवून ठेवून रंग उडालाय, तो बघा. तुमचा फोटो भिंग लावून बघितला मी. डावा दिवा फुटलेला होता ना, तोही सोडला नाही."

फोटो टेबलावरच होता, कडांना फिका पडलेला. गाडीसमोर मुलगा उभा, बाह्या वर सारलेल्या. मॉडेलवाल्याने त्यातला बोल्ट न् बोल्ट हेरला होता. चिखल मात्र फोटोत नव्हता, तो त्याने पदरचा घातला होता. खोक्यात चालकाची बाहुलीही आली होती. बसवू का, असं त्याने फोनवर विचारलं, तेव्हा काका "नको" एवढंच म्हणाले होते. म्हणून गाडीचं वरचं झाकण उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

काकू गाडीवर वाकल्या. आता यांचे डोळे भरून येणार, असं वाटून मॉडेलवाल्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. पण त्यांचे डोळे कोरडेच होते.

"मळलीय," त्या म्हणाल्या.

"मळवलीय, काकू!" मॉडेलवाला खूश झाला. "मुद्दाम. गाडी जोडायला लागला नाही एवढा वेळ त्याला लागला. लढाईतली गाडी म्हटल्यावर..."

"तो रोज धुवायचा."

त्यांनी फोटो त्याच्याकडे फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मुलाच्या पायाशी बादली होती. हातात पिळलेलं फडकं होतं. मॉडेलवाल्याने भिंगातून दिव्याची फुटकी काच पाहिली होती. बादली त्याच्या कामाची नव्हती.

"घरी कधी स्वतःचा कप विसळला नाही," काकू म्हणाल्या. "आणि सुट्टीवर आला की एकच सांगणं. गाडी धुतो म्हणे. रोज." आवाजात कौतुकही नव्हतं आणि तक्रारही नव्हती.

चूक झाली म्हणावं, तर इतकं चांगलं काम मॉडेलवाल्याच्या हातून कधी झालं नव्हतं. "खरी वाटावी म्हणून..." असं काहीतरी तो पुटपुटला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

काकूंनी पिशवीतून रुमाल काढला. त्याचं टोक जिभेला लावून ओलं केलं. डाव्या हाताने गाडी पुढून, हनुवटीला धरल्यासारखी धरली आणि त्या पुसायला लागल्या.

चिखल निघेना. वरून वार्निशचा हात दिलेला होता. त्या पुन्हा रुमाल ओला करत, पुन्हा घासत. काका खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

"तसा नाही निघणार, काकू," शेवटी मॉडेलवाला म्हणाला. त्याने थिनरची बाटली उघडली, कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवली आणि त्यांच्या हातात दिली. "हलक्या हाताने. नाहीतर खालचा रंगही येईल."

काकूंचा हात हलकाच होता. तपकिरी ओघळ टेबलावर उतरले आणि खालून हिरवा रंग वर येऊ लागला. मॉडेलवाला एकेक काडी भिजवून पुढे करत राहिला. आपलं काम असं धुऊन जात होतं, पण त्याने हात आखडला नाही.

पुढचा भाग झाला. दिवा झाला. दार झालं. काकू मागच्या चाकांपाशी पोचल्या, तेव्हा काकांनी खिडकीवरची नजर काढली आणि आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तेवढं राहू दे गं," ते म्हणाले. "मागची चाकं तो धुवायचा नाही. साहेबांच्या शिव्या खायचा, पण मागची चाकं धुवायचा नाही. आईला सांगू नका म्हणाला होता."

काकूंचा हात थांबला. चाकांवरच्या चिखलाकडे त्या बघत राहिल्या.

"लबाड कुठला," त्या गाडीला म्हणाल्या.