अ‍ॅडमिन: अहो

कुंदाकाकूंच्या मेंदूची फायरवॉल अपडेट करायला कंपनीची तेजल घरी आली होती. कानामागच्या चिपला वायर जोडून तिने लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर अ‍ॅडमिनची यादी मागवली. नियमाप्रमाणे दोन नावं होती. माणूस स्वतःच्याच डोक्यात अडकला, तर दुसऱ्याने आत शिरून त्याला सोडवायचं.

"काकू, हे 'अहो' कोण?"

"आमचे हे. मी नावाने कधी हाक मारली का त्यांना? दिवाळीआधी गेले."

"मग खातं काढावं लागेल. दुसरं कोणाचं टाकू? मुलगा, बहीण, शेजारी?"

काकूंनी खिडकीबाहेर बघत नकारार्थी मान हलवली.

"बरं, सध्या रिकामं ठेवते," तेजल हळूच म्हणाली. "पण काढायची कमांड तुम्हीच द्यायची असते."

एकेक अक्षर शोधत काकूंनी ती टाइप केली आणि एंटर दाबलं. तेजल पाणी प्यायला आत गेली.

कर्सर लुकलुकत होता. काकूंनी सवयीने हाक मारावी तसं लिहिलं: अहो.

उत्तर लगेच आलं. उभ्या संसारात इतक्या चटकन त्यांनी कधी ओ दिली नव्हती.

'या नावाचं इथे कोणी नाही.'