कस्तुरीची चाल

साहेब घोड्यांकडे बघतच नव्हते. अभिमन नानाला आधी ते नुसतं खटकलं, मग त्याचं डोकंच फिरलं.

धुळ्याच्या परेड मैदानात चुन्याच्या रेघेच्या आतून सात स्वार गोल फिरत होते. मधोमध उभे होते पुण्याच्या सरकारी पागेचे रिसालदार साहेब, आजचे परीक्षक. ते कुणाच्या टाचा बघत, कुणाची कोपरं. नानाच्या घोडीची, कस्तुरीची मान त्यांनी पाहिली नाही, खूर पाहिले नाहीत. सारंगखेड्याच्या बाजारात दात उघडून बघितल्याशिवाय कुणी घोड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि हे म्हणे परीक्षक. नंबराचा कागदसुद्धा घोडीला न लावता वर बसलेल्या सुपडूच्या पाठीला लावलेला. गुरांच्या प्रदर्शनातल्या पोराटोरांनाही कळतं, नंबर जनावराला असतो.

"याले घोडातलं काय समजस?" त्याने बायकोला विचारलं.

मांडीवर दशम्यांचं गाठोडं घेऊन झुंबरबाई सकाळपासून डोळे पुसत होती. नानाला वाटलं, घोडीचा लळा हिलाही काही कमी नाही.

या सगळ्याचं मूळ त्याचा मुलगा सुपडू. फागण्याहून रोज सायकल मारत तो धुळ्याला पोलिसांच्या पागेत जायचा आणि इंग्रजी खोगिरावर बसायला शिकायचा. नानाने कौतुकाने या स्पर्धेसाठी घोडी द्यायचं कबूलही केलं, तेही सरपंच झुलाल भाऊंसमोर. मग एका संध्याकाळी जेवताना सुपडू खाली मान घालून म्हणाला, "पहिला नंबर उना ते साहेब पुनाले लई जातीन. तठेच पागामा ठेवतीन. खावानं-पिवानं बठ्ठं सरकारनं."

नानाचा घास हातातच राहिला. कस्तुरी त्याच्या अंगणात जन्मलेली. तिची आई गेली तेव्हा कापडाच्या बोळ्याने दूध पाजून त्याने तिला जगवलं होतं. आता ती मोठी झाली, देखणी झाली, तर सरकारच्या पागेत? का, तर तिथे दाणापाणी फुकट?

"हातखाले वाढेल जीव मी परकाले देवाव नही," तो म्हणाला.

सुपडूने मान वर केली नाही. झुंबरबाई मात्र हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना. तठे सुखमा ऱ्हाई."

बायकोही फितूर. नाना ताटावरून उठला, आणि त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

झुलाल भाऊंसमोर दिलेला शब्द मोडणं शक्य नव्हतं. घोडी उतरणार होतीच. पण पहिली आली नाही तर कोण नेणार होतं तिला? इंग्रजी खोगिरावर साधी चाल, दुडकी आणि दौड एवढंच लागतं, खानदेशात वाखाणली जाणारी, पाठ न हलवता भरभर जाणारी रेवाल चाल तिथे दोष धरतात, हे त्याने सुपडूच्याच तोंडून ऐकलं होतं. झालं तर मग. सुपडू सायकलवर गेला की नाना कस्तुरीला बाहेर काढायचा आणि दुडकी मोडून पुन्हा पुन्हा रेवालीवर घालायचा. आज तर त्याने तिचं शिंगरूही बरोबर आणून मैदानाकडेच्या निंबाला बांधलं होतं. घरी एकटं राहत नाही, असं त्याने सुपडूला सांगितलं.

साहेबांनी दुडकी पुकारली. जळगावच्या कन्हैयालाल शेठचा नातू लीलाधर उंच तांबड्या घोड्यावर होता. तो घोडा घड्याळासारखा पावलं टाकत होता. कस्तुरीने चार पावलं दुडकी धरली आणि सरळ रेवालीत शिरली. लोक हसले. नानाला आतून बरं वाटलं आणि त्याच वेळी हसणाऱ्यांच्या मुस्कटात मारावीशीही वाटली.

तेवढ्यात निंबाखालून शिंगरू खिंकाळलं. कस्तुरीने कान टवकारले, ती आडवी झाली, रेघेकडे ओढू लागली. साहेब नेमके तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"रिकिबी सोडा," त्यांनी सगळ्यांना हुकूम दिला. "आता दौड."

पाय मोकळे सोडून दौड. शिंगराचं खिंकाळणं थांबेना, घोडी उसळू लागली. सुपडू वर ओट्यावर बसल्यासारखा बसला होता. पाठ सरळ, हात खाली, चेहऱ्यावर राग नाही. लगामाला हिसका न देता त्याने तिला वळवून वळवून गोलात ठेवलं. लीलाधर एकदा घोड्याच्या मानेवर कलला, पण त्याचा घोडा झकास पळाला.

नानाने सुस्कारा सोडला. कस्तुरी वाचली.

सगळे रांगेत उभे राहिले. साहेबांनी पहिल्या नंबराचा लाल फुलाचा बिल्ला हातात घेतला, लीलाधरला ओलांडून पुढे आले आणि तो सुपडूच्या छातीला लावला.

"हा कसला न्याय?" कन्हैयालाल शेठ उभेच राहिले. "जिला धड चालता येत नाही ती घोडी पहिली?"

शेठचं बोलणं नानाला आयुष्यात पहिल्यांदा पटलं. लबाड लेकाचे! घोडी यांनी आधीच हेरून ठेवली होती, तिने काहीही केलं असतं तरी नंबर तिलाच द्यायचा होता. म्हणूनच तर बघायची गरज पडली नाही. तो चुन्याची रेघ तुडवत आत घुसला. सुपडू खाली उतरला होता. त्याच्या हातातला लगाम नानाने ओढून घेतला.

"बठ्ठं ठरेल व्हतं तुमनं," तो साहेबांना म्हणाला. "घोडी मनी शे. मी देवाव नही. तिनं शिंगरू तठे रडी राहिनं. लेकरूले मायपाईन तोडशात का, साहेब?"

साहेबांनी कस्तुरीच्या मानेवर थोपटलं.

"घोडीला कोण नेतंय, नाना? या स्पर्धेत घोडं बघतच नाहीत, वर बसलेला बघतात. आणि ही आज इतकी बिथरली नसती, तर याची बैठक मला कळलीही नसती."

झुंबरबाई रेघेपर्यंत आली आणि तिने दशम्यांचं गाठोडं सुपडूच्या हातात दिलं.