राजकन्येचा ताप

राजकन्येचा ताप उतरला, असं मास्तरांनी वाचलं आणि घाईने पान उलटलं.

पलंगावर त्यांची बायको डोळे मिटून ऐकत होती. तिला आता अक्षरं दिसत नसत, म्हणून दुपारचं वाचन मास्तरांकडे आलं होतं. आणि वाचायचं काय, तर वाचनालयातली ती किल्ले, सरदार आणि राजकन्यांची प्रेमप्रकरणं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाच्या नशिबी हे यावं! मध्ययुग म्हणजे रोगराई, उपासमार आणि लुटालूट, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. पूर्वी ती स्वतः वाचायची, तेव्हा तिने पुस्तक खाली ठेवलं की मास्तर पेन्सिल घेऊन समासात चुका काढायचे. 'अशी खिडकी तेव्हा नव्हती.' 'घोडा एका दमात एवढा धावत नाही.' वाचनालयाच्या बाई कटकट करायच्या. बाकीचे वाचकही काही कमी नव्हते. कुणी खाली 'अगदी बरोबर' लिहायचं, तर कुणी 'काका, तुम्ही वाचूच नका ना.'

बायको रागवायची नाही. तिलाही त्या पुस्तकांचं हसू यायचं. वाचून झालं की 'काय बाई एकेक थापा' म्हणायची आणि पुढचं आणायची. मग वाचतेस कशाला, असं मास्तरांनी एकदा विचारलं होतं. त्यातली माणसं एकमेकांशी बोलतात तरी, असं ती म्हणाली होती. मास्तरांनी ते काही मनावर घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं, तेव्हा मास्तरांना बाहेर बोलावून काय ते स्पष्ट सांगितलं होतं. आत येऊन मास्तर बायकोला म्हणाले, नुसता अशक्तपणा आहे, महिनाभरात हिंडूफिरू लागशील. तेव्हापासून ती काही बोलायला लागली की ते औषध काढायचे, उशी सारखी करायचे, नाहीतर पुस्तक उघडायचे.

आज पुस्तकानेच दगा दिला. शेवटच्या प्रकरणात राजकन्या तापाने मरत होती. मास्तरांची नजर पुढे गेली आणि त्यांनी बेधडक थाप ठोकून दिली. ताप उतरला, सरदार परत आला, लग्न झालं, संपलं.

"हे पुस्तक मी तीनदा वाचलंय," बायको म्हणाली.

मास्तरांनी उलटलेलं पान पुन्हा मागे घेतलं.

"तिथे तुम्ही पेन्सिलीने काय लिहिलंय, ते वाचा."

लिहिलेलं होतं. मास्तरांनी उगाच चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचलं, "असा ताप चढलेलं माणूस दोन पानं बोलत नाही. साफ खोटं."

"पण ती बोलते," बायको म्हणाली. "आणि तो मध्ये न बोलता ऐकतो. आता आहे तसं वाचा."

मास्तरांनी वाचलं. माझा घोडा कुणाला द्यायचा, बागेला पाणी कुणी घालायचं, मी गेल्यावर जेवण टाकू नकोस, असं राजकन्या सरदाराला एकेक सांगत होती.  दुसऱ्या पानावर मास्तर थांबले, पाणी प्यायले आणि शेवटची ओळ कशीबशी पुरी केली. मग पुस्तक मिटलं. सवयीने त्यांचा हात औषधाच्या बाटलीकडे गेला.

"राहू दे ते," बायको म्हणाली. "आता माझी दोन पानं."

मास्तरांचा हात तिथेच थांबला. त्यांना खूप भीती वाटत होती. तरी त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तुमचा निळा स्वेटर कपाटात वरच्या फळीवर आहे," तिने सुरुवात केली. "सापडला नाही की मला हाक मारायची, ही सवय आता मोडा."

मास्तर मध्ये बोलले नाहीत.