एकदाच वाचायचं

अप्पांना काही विचारलं की ते थांबायचे. पक्षाघातानंतर त्यांच्या आठवणी कानामागच्या चिपमध्ये होत्या. आठवण साठवलेला एखादा ब्लॉक खराब झाला असेल तर चिप तो पुन्हा पुन्हा वाचायची. तोवर चहा निवायचा, मग उत्तर यायचं.

त्या चिपचा कोड त्यांची मुलगी विभावरी सांभाळायची. ब्लॉक वाचणारा तोच तो कोड जागोजागी चिकटवलेला होता. महिनाभर खपून तिने तो एकत्र केला. पुन्हा वाचणारं लूप फालतू वाटलं, तेही काढलं. आता ब्लॉक एकदाच वाचायचा, नाही मिळाला तर रिकामा समजायचा. चाचण्या पास झाल्या, कारण चाचणीच्या चिपा कोऱ्या होत्या, त्यांत खराब ब्लॉकच नव्हते. आज सकाळी अपडेट गेलं.

"अप्पा, आई भरल्या वांग्यात काय घालायची?" तिने दमल्या आवाजात रोजचाच प्रश्न विचारला. रोजचं उत्तर होतं, कारळाचं कूट.

"आठवत नाही," ते लगेच म्हणाले. "आज डोक्याला शीण नाही बघ, विभा. नाहीतर सारखं काहीतरी शोधतोय असं वाटायचं."

तिने लॅपटॉप उघडला. लूप परत टाकायला कितीसा वेळ लागणार होता? पण अप्पा कितीतरी महिन्यांनी गरम चहा पीत होते.

कप रिकामा होईपर्यंत ती थांबली.