टाकीचा श्वास

दहा मिनिटं करवत झकास चालली आणि अर्ध्या ओंडक्यात गचके खाऊन बंद पडली.

"बघितलंत काकू? रोज हेच," झाडं छाटणारा म्हणाला. ही जुनी चेनसॉ त्याने आठवड्यापूर्वीच तिच्याकडून विकत नेली होती. तिच्या नवऱ्याची. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

मागच्या अंगणात गोणपाट पसरून तो कामाला लागला. ती पायरीवर बसून राहिली. त्याने टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवं भरलं. करवत पुन्हा दहा मिनिटं चालून बसली. प्लग काढून पाहिला, तर कोरडा ठणठणीत.

"म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये," तो म्हणाला. "फिल्टर बघतो. नाहीतर कार्बोरेटर खोलावा लागेल."

तिने मान खाली घातली. दोष कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. विकताना सांगायला जीभ रेटली नव्हती.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दहा मिनिटांनी बसा, नाहीतर हृदय दगा देईल. नवऱ्याने शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ये रे माझ्या मागल्या. तिने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी एका दुपारी ते झोपले असताना तिने चपलेच्या रबराचा बारीक तुकडा कापला आणि टाकीच्या हवेच्या बुचातल्या बारीक भोकात सुईने ठासून बसवला. ही विद्याही त्यांचीच. यंत्र दुरुस्तीला घेऊन येईल त्याला ते सांगायचे, "टाकीलासुद्धा श्वास लागतो. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही."

तेव्हापासून करवत रुसायला लागली. पुन्हा चालू व्हायला पाव तास घ्यायची. तेवढा वेळ ते ओंडक्यावर बसायचे, ती चहा घेऊन जायची. कुठल्या झाडावर घरटं होतं म्हणून कुठली फांदी सोडली, असलं काहीबाही सांगायचे. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

पण हळूहळू बाहेर कुजबुज सुरू झाली. ज्याला स्वतःची करवत सुधरत नाही, तो आमची काय सुधरवणार? लोक आपापली यंत्रं दुसरीकडे न्यायला लागले. ते रिकामे बसायचे, हात पालथे-सुलटे करून म्हणायचे, "हात गेले गं माझे." ती आतल्या आत तुटायची. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता एका सकाळी ते उठलेच नाहीत.

झाडं छाटणाऱ्याने कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घातला, तशी ती बोलली.

"तो नको खोलूस. टाकीच्या हवेच्या बुचात रबर आहे. मी घातलंय." मग तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. "यांना शेवटपर्यंत वाटलं, हातातली कला गेली. तसेच गेले रे ते. माझ्यामुळे."

पक्कड घालून त्याने बोटाच्या पेराएवढं बूच उपटलं. आत काळं रबर दिसत होतं. मग त्याने टाकीत डोकावून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, आतली पेट्रोलची नळी नवी कोरी आहे. कधी बदलली?"

"थंडी संपता संपता. जुनी चिरली होती म्हणाले. इथेच बसून बदलली त्यांनी."

"आणि रबर तुम्ही कधी घातलं होतंत?"

"त्याच्या कितीतरी आधी. पावसाळ्यात."

त्याने बूच फडक्याने पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"या मशीनची नळी हे बूच बसतं त्याच भोकातून ओढून घ्यावी लागते, काकू. आधी हे बूच काढल्याशिवाय ती बदलताच येत नाही. काकांनी हे हातात घेतलं होतं, रबर बघितलं होतं, आणि जसंच्या तसं परत बसवलं होतं."