पस्तीस फुटांवर

पस्तीस फुटांवर लॉनी स्लोनचे पाय थांबले. वर जाईनात, खाली येईनात. त्याने दोन्ही हातांनी विजेच्या लाकडी खांबाला मिठी मारली, गाल लाकडाला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. बुटांना बांधलेले लोखंडी काटे खांबात रुतले होते. कमरेचा पट्टा खांबाभोवती आवळलेला होता. काटा निसटला तरी पट्टा धरतो, माणूस पडत नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या गुडघ्यांना ठाऊक नव्हतं.

खाली बारा विद्यार्थी माना वर करून उभे होते. बहुतेक त्याच्या निम्म्या वयाचे.

"म्हातारबा, आज तिथेच मुक्काम का?" त्यांच्यातला टकर ओरडला. "जेवण वर पाठवू?"

सगळे हसले. तेवढ्यात वारा सुटला आणि खांब हलला. जराच, बोटभर.

चोवीस वर्षं त्याने डोंगराच्या पोटात कोळसा काढला होता. डोक्यावर छत कुरकुरत असायचं, आणि हा पठ्ठ्या त्याच छताखाली बसून निवांत डबा खायचा. भीती त्याने पाहिली होती ती दुसऱ्यांच्या तोंडावर. मग मागच्या हिवाळ्यात खाण बंद झाली. पूर्व केंटकीच्या त्या खोऱ्यात पंचेचाळिशीच्या खाणकामगाराला कोण विचारतो? विचारलं ते फक्त सरकारी कॉलेजने. साठ वर्षांपूर्वी बँकेच्या माडीवर दोन खोल्यांत ते सुरू झालं होतं, टायपिंग शिकवायला. पुढे नर्सिंग आलं, वेल्डिंग आलं, शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग आले. खाणवाले त्याला 'बायकांची शाळा' म्हणायचे. आता त्याच खाणवाल्यांसाठी, कोळसा काढून सपाट करून टाकलेल्या डोंगरमाथ्यावर, कॉलेजने चाळीस खांब रोवले होते. विजेच्या तारांचं काम शिका, दहा आठवड्यांत कामाला लागा.

आणि ते काम शिकवायला होता डेल. लॉनीचा धाकटा भाऊ.

एकोणीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वडिलांच्या मयतीलाही ते कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले होते. वर्गात डेल त्याला नुसतं 'स्लोन' म्हणायचा, आणि त्या खोऱ्यात निम्मे लोक स्लोनच, त्यामुळे कुणाला संशय आला नव्हता.

"सगळे मागे सरका," खालून डेलचा आवाज आला. पाठोपाठ काट्यांचा आवाज. खच्. खच्. अगदी लगतच्या खांबावर तो चढत होता.

लॉनीने खांबाची मिठी आणखी आवळली. आता ही भीती उंचीची नव्हती.

डेलचा खाणीतला पहिला दिवस त्याला आठवला. एकोणीस वर्षांचं पोर खाणीच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थिजलं. पांढरंफटक. पाऊल आत पडेना. पाळीची तीस माणसं खोळंबून उभी होती. त्यांच्यादेखत लॉनी म्हणाला होता, "हा भित्रा माझा भाऊ नाही. जा, बायकांच्या शाळेत नाव घाल." डेलने खरंच नाव घातलं. वडिलांनी मरेपर्यंत त्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

आज डेलची पाळी होती. ऐकायला बारा जणही हजर होते.

काट्यांचा आवाज लॉनीच्या कानाशी येऊन थांबला.

"लॉनी." डेलचा आवाज अगदी हळू होता, खाली ऐकू जाणार नाही इतका. "खाली बघू नकोस. समोरचं लाकूड बघ. बस्स, तेवढंच."

लॉनीने डोळे उघडले. लाकडात एक बारीक चीर होती. तो चिरेकडे बघत राहिला.

"मला जमत नाही रे."

"माहीत आहे."

"पाय माझे राहिलेच नाहीत."

"तेही माहीत आहे. घाई नाही. श्वास घे."

लॉनी टोमण्याची वाट बघत होता. टोमणा आला नाही. वाऱ्याने पुन्हा खांब हलवला. शेजारी डेल नुसता उभा होता, जसा काही त्याला दिवसभर दुसरं कामच नव्हतं.

"त्या दिवशी," लॉनीने विचारलं, "तुला असंच झालं होतं?"

"हुबेहूब असंच." डेल म्हणाला. "फक्त माझ्या शेजारी कुणी आलं नाही."

लॉनीने चिरेवरची नजर काढून पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं.

"उजवा गुडघा बाहेर घे," डेल म्हणाला. "आता पाय सरळ खाली. रोव काटा. शाब्बास. डावा. मी बरोबरच उतरतोय."

पस्तीस फूट उतरायला त्यांना वीस मिनिटं लागली. जमीन लागताच लॉनी खडीवरच बसला.

"एवढा वेळ वर काय खलबतं चालली होती?" टकरने विचारलं.

डेल त्याला गप्प करणार, तोच लॉनी खांबाला धरून उभा राहिला.

"हा माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "मी याला चारचौघांत भित्रा म्हणालो होतो. ते खोटं होतं."

कुणी हसलं नाही. डेल खाली वाकून बुटांच्या काट्यांशी खुडबुड करू लागला. बराच वेळ त्याला पट्टा सुटेना.

"असू दे, लॉनी," तो मान वर न करता म्हणाला. "जुनी गोष्ट आहे."

"तेव्हा तीस जणांनी ऐकलं होतं," लॉनी म्हणाला. "त्यातले जे अजून आहेत, त्यांच्या दारोदार जाऊन सांगणार आहे."